स्वरयंत्राचा कर्करोग आणि गाठीतील रक्तवाहिन्या : 'घनता अधिक' या शेऱ्याचा अर्थ काय घ्यावा?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार. आमचे मामा खानापूर तालुक्यातील एका खेड्यात शेती करतात. वय साठीच्या आसपास असून बिडीची सवय तरुणपणापासूनची आहे. पावसाळ्यात गिळताना काहीतरी अडकल्यासारखे वाटू लागले, मग डाव्या कानात ठणका सुरू झाला आणि आवाज मागाहून बसला. कानाचे थेंब घालण्यात बराच वेळ गेला. शेवटी बेळगावात दुर्बिणीने तपासणी होऊन तुकडा पाठवला गेला. अहवालात स्वरयंत्राच्या वरच्या भागाचा, मध्यम प्रतीचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग) असल्याचे आले आहे. मानेत डाव्या बाजूला एक गाठही हाताला लागते.

एवढे आम्हाला डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. अडचण दुसऱ्या कागदाची आहे. तेथील एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी, मामांची संमती घेऊन, त्याच तुकड्यावर आणखी एक तपासणी झाली होती आणि तिचा निकाल फाइलमध्ये लागून आला: "सीडी ३४ : सूक्ष्म रक्तवाहिन्यांची घनता अधिक." मामेभावाने मोबाइलवर शोधाशोध केली. गाठीत रक्तवाहिन्या जास्त असतील तर रोग लवकर पसरतो आणि रुग्ण फार काळ काढत नाही, असे त्याने वाचले आणि घरात सांगितले. आता मामी म्हणतात, एवीतेवी असेच असेल तर शेत गहाण टाकून उपचार कशाला करायचे? हा शेरा खरोखर इतका निर्णायक असतो का, हे जाणकारांनी सांगावे.

सूक्ष्मदर्शी

घाटमाथा, मी आयुष्यभर विकृतिशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. रुग्णाला न पाहता त्यांच्या भवितव्याविषयी बोलणे योग्य नाही. त्या कागदाचा अर्थ मात्र सांगता येईल.

आधी मूळ कल्पना. पेशीला प्राणवायू आणि अन्न रक्तातून मिळते, आणि प्राणवायू रक्तवाहिनीच्या भिंतीतून फार तर एक-दोन दशांश मिलिमीटरपर्यंतच झिरपत जातो. त्यामुळे कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची असेल तर तिला स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवून घ्याव्या लागतात. हा विचार अमेरिकेतील शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये ठामपणे मांडला, तेव्हा त्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते. पुढे १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळे करून त्याची ओळख पटवली. प्राणवायू कमी पडला की गाठीतील पेशी हे प्रथिन सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिन्यांना त्यातून फांद्या फुटतात. या फांद्या निरोगी रक्तवाहिन्यांसारख्या नसतात. त्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. घाईत काढलेला पाट जागोजाग फुटून एका वाफ्यात पाणी साचावे आणि शेजारचा वाफा कोरडा राहावा, तसा रक्तपुरवठा गाठीत होतो.

आता मोजणीकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. १९९१ मध्ये नोएल वाइडनर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगात एक पद्धत वापरली आणि पुढच्या बहुतेक अभ्यासांनी तीच उचलली. तुकड्याच्या पातळ कापावर रक्तवाहिन्यांच्या अस्तराला तपकिरी रंग देणारे रसायन वापरतात. प्रथम कमी विशालनात संपूर्ण काच फिरवून सर्वांत दाट तपकिरी दिसणारी जागा शोधायची आणि मग दोनशे पट विशालनात त्या एकाच जागेतील रक्तवाहिन्या मोजायच्या. पोकळी दिसली नाही तरी सुटी तपकिरी पेशी एक रक्तवाहिनी म्हणून धरायची. दाट जागा कोणती, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरते. त्याच काचेवर दोन अनुभवी माणसांनी मोजले तरी आकडे वेगळे येतात, आणि दुर्बिणीतून काढलेला तुकडा इतका लहान असतो की गाठीचा दाट भाग त्यात आलाच नसेल किंवा नेमका तोच आला असेल.

सीडी ३४ या खुणेने जुन्या आणि नव्या अशा सगळ्याच रक्तवाहिन्या रंगतात. स्वरयंत्राच्या वरच्या भागात मुळातच रक्तवाहिन्या भरपूर असतात. गाठीमुळे नव्याने फुटलेल्या फांद्याच पाहायच्या असतील तर सीडी १०५ ही खूण अधिक नेमकी समजली जाते.

आणि 'अधिक' म्हणजे कशापेक्षा अधिक? अशा प्रबंधांत बहुधा जमवलेल्या सर्व नमुन्यांची मोजणी करून मधला आकडा काढतात. त्याच्या वरचे सगळे 'अधिक', खालचे सगळे 'कमी'. म्हणजे त्या विद्यार्थ्याकडे आलेल्या रुग्णांपैकी निम्मे लोक व्याख्येनेच 'अधिक' गटात पडणार. दुसऱ्या महाविद्यालयात दुसऱ्या नमुन्यांत तोच आकडा 'कमी' ठरू शकतो. प्रमाणित सीमारेषा अस्तित्वात नाही. म्हणूनच कर्करोगाचा टप्पा ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत या मोजणीला स्थान नाही आणि नेहमीच्या विकृतिशास्त्रीय अहवालात ती लिहिलीही जात नाही.

हिडकल

सूक्ष्मदर्शी सरांचे विवेचन उत्तम आहे, परंतु ते थोडे एकतर्फी वाटले. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, अभियंता आहे, तरी वडिलांच्या आजारात या विषयावर बरेच वाचले. २००५ मध्ये डोके व मान यांच्या कर्करोगावरील अनेक अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झाले होते. ज्यांच्या गाठीत व्हीईजीएफ आढळले त्यांच्यात दोन वर्षांत मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. मग घरच्यांची भीती निराधार कशी म्हणता येईल?

सूक्ष्मदर्शी

ते विश्लेषण मला ठाऊक आहे आणि ते काळजीपूर्वक केलेले आहे. दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवायला हव्यात. व्हीईजीएफ हा रक्तवाहिन्यांना मिळणारा संदेश आहे आणि घनता ही रक्तवाहिन्यांची मोजणी. दोन्ही एकमेकांबरोबर चालतातच असे नाही. मोजणीविषयीचे स्वरयंत्राचे अभ्यास बहुतांशी लहान आणि जुन्या नोंदींवर आधारलेले आहेत. काहींत घनता आणि मानेतील गाठी यांचा संबंध दिसतो, काहींत काहीच दिसत नाही, आणि रेडिएशन घेतलेल्या रुग्णांच्या काही अभ्यासांत घनता जास्त असणाऱ्यांचे बरे झालेले दिसते.

दुसरे असे की, हे विश्लेषण करणाऱ्या गटानेच त्याच वर्षी दाखवून दिले की डोके व मान यांच्या कर्करोगातील अशा खुणांवरच्या अभ्यासांत ठळक निकाल आलेले अभ्यास छापले जातात आणि निकाल न आलेले कपाटात राहतात. त्यांनी तपासलेली खूण पी ५३ ही होती, पण इशारा सगळ्यांनाच लागू आहे. शिवाय समूहातील 'दुप्पट धोका' एका माणसाला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. गाठ मोठी असली की व्हीईजीएफही जास्त असते, मग धोका गाठीमुळे किती आणि प्रथिनामुळे किती, हे वेगळे काढणे सोपे नसते.

घाटमाथा, फाइलमधील मूळ अहवाल पुन्हा पाहा. त्यात 'रक्त वा लसिका वाहिन्यांत शिरकाव' असा रकाना असेल तर तो वाचा. गाठीत रक्तवाहिन्या किती आहेत आणि कर्करोगाच्या पेशी रक्तवाहिनीच्या आत शिरलेल्या दिसल्या का, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. मोबाइलवर शोधताना त्यांची सर्रास गल्लत होते. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला उपचार ठरवताना वजन असते. अर्थात लहान तुकड्यात तो शिरकाव दिसला नाही म्हणजे नाहीच, असे म्हणता येत नाही.

तंबाखूनगरी

मी निपाणीची. आईने बिड्या वळून आम्हाला शिकवले, तेव्हा तंबाखूविषयी बोलताना माझा सूर थोडा अवघडलेला असतो, तो समजून घ्यावा. आमच्याकडे १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या आठवणी घरोघर आहेत, तंबाखूला दर मिळावा म्हणून माणसे रस्त्यावर बसली होती. ज्या पिकावर घर चालते त्याच्याविरुद्ध घरात बोलणे जड जाते.

माझा प्रश्न सरांच्या रेडिएशनविषयीच्या वाक्याबद्दल आहे. रक्तवाहिन्या जास्त असताना रेडिएशनचा गुण जास्त कसा येईल? रक्त मिळाले तर गाठ पोसली जाणार, हेच आपण वर वाचले.

सूक्ष्मदर्शी

ताई, हा प्रश्न विचारलात हे फार बरे झाले, कारण मामांच्या दृष्टीने उपयोगाचा भाग यातच आहे.

रेडिएशन पेशीतील डीएनए तोडते आणि ती तूट कायम राहण्यासाठी प्राणवायू हजर असावा लागतो. प्राणवायू नसलेल्या पेशी मारायला सुमारे अडीच ते तीन पट मात्रा लागते. १९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या ब्रिटिश संशोधकांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप तपासून दाखवले की रक्तवाहिनीपासून ठरावीक अंतरापलीकडच्या पेशी मेलेल्या असतात आणि जिवंत व मृत यांच्या सीमेवर उपाशी पण जिवंत पेशींचा एक पट्टा असतो. रेडिएशनला दाद न देणाऱ्या पेशी या पट्ट्यात असतात. म्हणजे रक्तवाहिन्या अधिक असून त्यांतून खरोखर रक्त वाहत असेल तर असा पट्टा लहान राहतो. त्या नुसत्याच दाट, पण गळक्या आणि बंद पडलेल्या असतील तर काचेवर घनता 'अधिक' दिसेल आणि गाठ मात्र प्राणवायूविना राहील. मेलेल्या तुकड्यावरची मोजणी वाहत्या रक्ताविषयी काहीच सांगत नाही, हा तिचा सर्वांत मोठा तोकडेपणा आहे, असे माझे मत आहे.

डेन्मार्कमध्ये यावरूनच उपचार शोधले गेले. स्वरयंत्राचा वरचा भाग आणि घसा यांच्या कर्करोगात रेडिएशनबरोबर निमोराझोल हे गाठीतील प्राणवायूची उणीव भरून काढणारे औषध दिल्यावर मूळ जागचा रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण सुधारले. त्या चाचणीचे निकाल १९९८ मध्ये आले आणि तिथे ते औषध नेहमीच्या उपचारात आहे. जगभर मात्र ते रुजले नाही.

आता बिडीकडे येऊ. बिडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट धरून बसतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. कॅनडातील एका अभ्यासाचे निकाल १९९३ मध्ये आले. डोके व मान यांच्या कर्करोगासाठी रेडिएशन चालू असताना ज्यांनी धूम्रपान सुरू ठेवले त्यांच्यापैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली. ज्यांनी सोडले होते त्यांच्यात हे प्रमाण ७४ टक्के होते. दोन वर्षांनंतर हयात असलेले अनुक्रमे ३९ आणि ६६ टक्के. हा फरक एकट्या कार्बन मोनॉक्साइडमुळे पडला असे म्हणता येणार नाही, पण त्या कागदावरील 'अधिक' या शब्दापेक्षा हे आकडे मामांच्या हातातले आहेत.

हिडकल

मान्य. मग रक्तवाहिन्याच तोडणारे औषध दिले तर? बेव्हासिझुमॅब आतड्याच्या कर्करोगात २००४ पासून वापरतात. आमच्या ओळखीतील एका कुटुंबाला कुणीतरी तेच घ्या म्हणून सुचवले होते, आणि खर्च ऐकून ते हादरले.

कृष्णाकाठचा_वैद्य

मी चिकोडी भागात कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून काम करतो. या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने दिले आहे. डोके व मान यांचा कर्करोग उलटलेल्या किंवा दूर पसरलेल्या ४०३ रुग्णांना केमोथेरपी, आणि त्यांतील निम्म्यांना तिच्या जोडीला बेव्हासिझुमॅब देण्यात आले. निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. जगण्याचा मध्य ११ महिन्यांवरून १२.६ महिन्यांवर गेला, पण हा फरक योगायोगाने पडला नाही असे ठामपणे म्हणण्याइतका मोठा नव्हता. उलट, उपचारामुळे गंभीर रक्तस्राव होण्याचे प्रमाण ०.५ टक्क्यावरून ६.७ टक्क्यांवर गेले. मानेतील मुख्य रोहिणी गाठीला खेटून असते आणि रेडिएशनने तिची भिंत आधीच नाजूक झालेली असते, तेव्हा या जागी रक्तस्राव म्हणजे काय, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. स्वरयंत्राच्या कर्करोगात हे औषध आज नेहमीच्या उपचाराचा भाग नाही.

रक्तवाहिन्या पूर्ण न तोडता औषधाने काही काळ सरळ करून घ्याव्यात, म्हणजे प्राणवायू आणि केमोथेरपी दोन्ही गाठीत पोचतील, अशी कल्पना मूळचे भारतीय संशोधक राकेश जैन यांनी २००१ च्या सुमारास मांडली. कल्पना मला पटते, परंतु घशाच्या रुग्णाला तिचा खात्रीचा लाभ अजून मिळालेला नाही.

आमच्या कामात गाठीच्या रक्तवाहिन्यांचा खरा उपयोग निदानात होतो. नव्या दुर्बिणींत नॅरो बँड इमेजिंग नावाची सोय असते. साध्या पांढऱ्या प्रकाशाऐवजी ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचे निळे-हिरवे किरण टाकतात. हिमोग्लोबिन ते शोषून घेते, त्यामुळे पृष्ठभागाजवळच्या केशवाहिन्या गडद तपकिरी उठून दिसतात. निरोगी स्वररज्जूवर त्या लांबट, पडद्याला समांतर धावतात. कर्करोगाच्या संशयाच्या जागी त्या खालून वर टोके काढतात आणि ठिपके किंवा वेटोळ्यांसारख्या दिसतात. २०१६ मध्ये युरोपातील स्वरयंत्रतज्ज्ञांनी आडव्या आणि उभ्या अशा दोनच गटांत हे वर्गीकरण सोपे केले. पॅपिलोमासारख्या साध्या गाठींतही उभ्या वाहिन्या दिसतात, त्यामुळे तुकडा काढावाच लागतो, मात्र तो नेमका कुठून काढायचा आणि शस्त्रक्रियेत कडा कुठवर घ्यायची, हे ठरवायला फार मदत होते.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. मामींना हे सगळे वाचून दाखवले. आता दोन गोष्टी विचारतो. सांगलीहून एका नातेवाइकांनी हळदीची भुकटी आणि कसल्याशा कॅप्सूल पाठवल्या आहेत, हळदीने गाठीच्या रक्तवाहिन्या सुकतात असे ते म्हणतात. आणि मामांचे हिमोग्लोबिन ९.४ आहे, प्राणवायूचे एवढे महत्त्व असेल तर रक्त चढवून घ्यावे का?

सूक्ष्मदर्शी

हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत, बशीतल्या पेशींवर, रक्तवाहिन्यांची वाढ रोखते हे खरे आहे. पोटातून घेतल्यावर मात्र ते रक्तात अत्यल्प उतरते. शार्क माशाच्या कूर्चेचीही एके काळी अशीच हवा होती आणि फुप्फुसाच्या कर्करोगातील मोठ्या चाचणीत तिचा काही लाभ दिसला नाही. आमटीतली हळद खुशाल खावी, कॅप्सूल मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय केमोथेरपीच्या जोडीला देऊ नयेत.

हिमोग्लोबिनचे उत्तर सरळ नाही. ते कमी असलेल्या रुग्णांचे निकाल कमी चांगले येतात, हे वारंवार दिसले आहे. पण डेन्मार्कमध्ये रेडिएशनपूर्वी रक्त चढवून पाहिले तरी निकाल सुधारले नाहीत. जर्मनीतील संशोधकांनी हिमोग्लोबिन वाढवणारे एरिथ्रोपोएटिन दिले, तर २००३ च्या त्या अहवालात औषध घेतलेल्यांचाच रोग अधिक उलटला. तेव्हा नुसता आकडा वाढवण्यासाठी काही करू नये. ९.४ कशामुळे झाले, लोह कमी आहे की गिळता येत नसल्याने पोटात अन्नच जात नाही, हे आधी पाहावे. रक्त द्यायचे की नाही, हे त्यांची एकूण प्रकृती पाहून तेथील डॉक्टर ठरवतील.

तंबाखूनगरी

मिश्रीचे काय? आमच्याकडे बायका बिडी ओढत नाहीत, पण मिश्री लावतात आणि उपचार चालू असतानाही सोडत नाहीत.

कृष्णाकाठचा_वैद्य

मिश्रीत धूर नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न येत नाही. मात्र तोंडाच्या कर्करोगाचे ते सरळ कारण आहे आणि रेडिएशनमध्ये सोललेल्या तोंडावर ती लावणे म्हणजे जखम चिघळवणे. तीही थांबवावी.

मामींच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मामांच्या रोगाचे भवितव्य मुख्यतः तीन गोष्टींवर ठरेल. स्वरयंत्राचा पडदा (स्वररज्जू) हलतो की जखडला आहे, मानेतील गाठी किती व केवढ्या, आणि मानेतील गाठीचे आवरण फुटून रोग बाहेर आला आहे का. शेवटची बाब टप्पा ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून स्वतंत्रपणे धरली जाते. स्वररज्जूवरच मर्यादित, लवकर सापडलेला रोग दहांपैकी नऊ जणांत आटोक्यात येतो. वरच्या भागात लसिकावाहिन्यांचे जाळे दाट असल्याने मानेत गाठ लवकर येते, तेव्हा मामांचा रोग त्या गटातला नाही, हे मी लपवणार नाही. मानेत गाठ आली की आकडे बरेच खाली येतात. तरीही बरे करण्याच्या उद्देशानेच उपचार करण्याजोगा हा टप्पा असतो, आणि स्वरयंत्र न काढता रेडिएशन व सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध यांनी ते वाचवण्याचा पर्यायही अनेकांना मिळतो.

एक गोष्ट आमच्या भागात फार नडते. हे रेडिएशन सुमारे सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घसा सोलतो, गिळवत नाही, आणि नेमकी तेव्हाच गावची यात्रा किंवा ऊसतोड येते. माणूस चार दिवसांचे सांगून गावी जातो आणि दोन आठवड्यांनी उगवतो. मध्ये पडलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते, असे अनेक अभ्यासांचे सांगणे आहे, कारण उरलेल्या पेशी त्या काळात वेगाने वाढतात. मामांची राहण्याची सोय आतापासून शहरात करा. गिळणे बंद होण्याआधी नाकातून नळी घालण्याविषयी बोलून ठेवा. शेत गहाण टाकण्यापूर्वी आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून काय मिळते ते रुग्णालयातील आरोग्यमित्रांना विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या.

घाटमाथा

मामांनी बिडी बंद केली आहे, निदान आमच्यासमोर तरी. मिरज, हुबळी की मुंबई, यावर घरात अजून एकमत नाही. दुसऱ्या ठिकाणी गेलो तर तो दुसरा कागद दाखवावा का?

सूक्ष्मदर्शी

फाइलमध्ये असू द्या, विचारले तर दाखवा. त्यापेक्षा मूळ तुकड्याच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, कारण मोठ्या रुग्णालयात निदानाची फेरतपासणी त्यावरूनच होते आणि ब्लॉक नसेल तर दुसऱ्यांदा तुकडा काढण्याची वेळ येऊ शकते. लेखी अर्ज द्यावा लागतो आणि मिळाल्याची सही करावी लागते. प्रबंधासाठी एखादा ब्लॉक विद्यार्थ्याकडे राहिला असण्याचा संभव आहे, तो विभागप्रमुखांकडे मागा. ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीवर बसवलेला मेणाचा तुकडा. तो उन्हात ठेवलेल्या गाडीत विसरू नका, मेण वितळते. त्यावर बहुधा रुग्णाचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो, तेव्हा तो अहवालावरच्या क्रमांकाशी खिडकीवरच ताडून घ्या.